आईच्या पाटल्यांचं आकाशातलं माहेर

काल सराफाच्या काट्यावर आईच्या झिजलेल्या पाटल्या ठेवल्या आणि मला १७ ऑगस्ट २०१७ आठवला!

त्या दिवशी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली. आधी गुरुत्वीय लहरी आल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट. असे अल्पजीवी स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात, याचा हा पहिला थेट पुरावा.



अशा टकरीत उडालेल्या द्रव्यात सोनं, प्लॅटिनम घडतं. पाटल्यांतलं थोडं सोनं तरी अशाच एखाद्या जुन्या टकरीतलं असावं!

आपल्या खोडद गावच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही २०१७च्या त्या स्फोटानंतरच्या रेडिओ लहरी टिपल्या.