डाइव्हर ६० मीटर खोल, पण गुंगी २८ मीटरची! हे गणित काय आहे?

सप्टेंबर १९४७. भूमध्य समुद्रात फ्रेंच नौदलाचा डाइव्हर मॉरिस फार्ग एका दोरीच्या आधाराने खाली उतरत होता. दोरीला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या. जिथवर पोहोचाल, तिथल्या पाटीवर सही करायची. फार्गची शेवटची सही सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर मिळाली. त्याला वर ओढलं, पण तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

त्याच्या टाकीत विषारी वायू नव्हता. आपण सगळे घेतो ती साधी हवा होती. मग झालं काय?

हवेची नशा कशी चढते?

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, ३० मीटरवर ४ आणि ६० मीटरवर ७ बार. हवेत ७९ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ६० मीटरवर एकट्या नायट्रोजनचा दाब साडेपाच बार होतो.

एवढ्या दाबाचा नायट्रोजन मेंदूला गुंगी आणतो. यालाच नायट्रोजन नार्कोसिस म्हणतात. साधारण ३० मीटरच्या पुढे तो जाणवू लागतो. उगाच हसू येतं, नको तेवढा आत्मविश्वास वाटतो, हवा किती उरली हे काट्यावर दिसत असूनही लक्षात येत नाही. वर आलं की गुंगी उतरते. पण तोवर एखादा चुकीचा निर्णय जीव घेऊ शकतो.

मग हेलियम कशाला?

या खोलीवर हेलियमची गुंगी जवळपास येत नाही. म्हणून खोल जाणारे डाइव्हर ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण वापरतात. त्याला ट्रायमिक्स म्हणतात. 'ट्रायमिक्स १८/४५' म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला ३७ टक्के नायट्रोजन.

आता हिशोब करू. खबरदारी म्हणून बरेच डाइव्हर ऑक्सिजनलाही गुंगी आणणारा वायू धरतात. मग हेलियम सोडून उरतात ५५ टक्के.

- ६० मीटरवरचा दाब: ७ बार
- त्यातला गुंगी आणणारा भाग: ७ × ०.५५ = ३.८५ बार
- साध्या हवेवर एवढाच दाब कुठे मिळेल? ३.८५ मधून पृष्ठभागाचा १ वजा, गुणिले १० = २८.५ मीटर

म्हणजे डाइव्हर ६० मीटरवर आहे, पण डोकं २८ मीटरवर असल्यासारखं चालतं. या आकड्याला इक्विव्हॅलंट नार्कोटिक डेप्थ, थोडक्यात ईएनडी म्हणतात.

दुसरा आकडा: ईएडी

दाबाखाली वायू रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. घाईने वर आलं तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होतात. म्हणून वर येताना ठरावीक वेळ थांबावं लागतं. हेच डिकम्प्रेशन.

जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेला नायट्रॉक्स म्हणतात. ३२ टक्के नायट्रॉक्स घेऊन ३० मीटरवर गेलात, तर नायट्रोजनचा दाब ४ × ०.६८ = २.७२ बार. हवेवर तेवढा दाब सुमारे २४ मीटरवर असतो. म्हणून थांबे ३० मीटरऐवजी २४ मीटरच्या लगतच्या पुढच्या खोलीच्या तक्त्यावरून धरतात. ही इक्विव्हॅलंट एअर डेप्थ, म्हणजे ईएडी.

खरी गफलत इथे होते

दोन्ही आकडे मीटरमध्येच असतात, त्यामुळे ते सारखेच वाटतात. पण ट्रायमिक्सचा ईएनडी २८ आला म्हणून २८ मीटरचे थांबे घेणं जीवघेणं ठरेल. हेलियम गुंगी आणत नसला तरी शरीरात विरघळतोच. ६० मीटरवर या मिश्रणातल्या हेलियम आणि नायट्रोजनचा एकत्र दाब ५.७४ बार होतो. साध्या हवेत तो ५.५३ असता. म्हणजे ओझं कमी झालं नाही, उलट किंचित वाढलं! ईएनडी फक्त डोक्याचा हिशोब सांगतो. ट्रायमिक्सच्या थांब्यांसाठी हेलियम धरून केलेला वेगळा आराखडा लागतो.

१२० मीटरवर काय?

तिथे दाब १३ बार. साध्या हवेतल्या ऑक्सिजनचाच दाब २.७ बार होतो. डाइव्हर सहसा १.४ च्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे झटके येण्याचा धोका वाढत जातो. म्हणजे फार्ग ज्या खोलीवर पोहोचला, तिथे हवा दोन्ही बाजूंनी घातक होती.

आज त्या खोलीसाठी १० टक्के ऑक्सिजन आणि ७० टक्के हेलियम असं मिश्रण घेता येतं. ईएनडी २९ मीटर येतो, ऑक्सिजन १.३ बार. पण हेच मिश्रण पृष्ठभागावर ओढलं तर ऑक्सिजनअभावी माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून सुरुवातीला वेगळी टाकी वापरावी लागते.

तारकर्ली-मालवणला पर्यटक स्कूबा करतात ते काही मीटरांवर, तिथे हे गणित लागत नाही. पण खोल उतरणाऱ्या डाइव्हरला प्रत्येक टाकीसाठी तीन प्रश्न सोडवावेच लागतात: गुंगी किती, ऑक्सिजन किती आणि वर येताना थांबायचं किती? एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं, की घात झालाच म्हणून समजा.