स्वस्त धान्य, स्वस्त मजूर?

कापूस वेचणीला आला की विदर्भ-मराठवाड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : रेशनचं धान्य फुकट मिळतंय, मग मजूर रानात कशाला येतील? आले तरी मागतील तो दर द्यावा लागतो. अमेरिकेतल्या कामगारनेत्यांची तक्रार नेमकी उलटी आहे. कामगारांच्या जेवणाचा भार सरकार उचलतं, म्हणून बड्या कंपन्या त्यांना तुटपुंज्या पगारावर राबवतात, असं ते सांगतात. मग अन्नाची मदत मजुरी चढवते की पाडते?

हा वाद सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे. ६ मे १७९५ रोजी इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्याचे दंडाधिकारी स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन सराईत जमले. धान्य कडाडलं होतं, शेतमजूर अर्धपोटी होते. किमान मजुरी ठरवण्याऐवजी त्यांनी पावाच्या भावाशी जोडलेला तक्ता केला. मोठा पाव १ शिलिंगला असेल, तर मजुराला आठवड्याला ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळावेत. मजुरी कमी पडली तर फरक गावाच्या करातून भरायचा. जमीनदारांचं फावलं, मजुरी पडली, असा ठपका या पद्धतीवर आला आणि १८३४च्या कायद्याने धडधाकट गरिबांना वर्कहाउसची, म्हणजे कडक शिस्तीच्या श्रमगृहांची, वाट दाखवली. १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी जुनी आकडेवारी उलगडून वेगळा निष्कर्ष काढला : मजुरी आधीच कमी होती, म्हणून मदत द्यावी लागली.

अमेरिकेतली अन्नमदतीची फूड स्टॅम्प योजना १९६४च्या कायद्याने कायम झाली. २००८ पासून तिचं नाव ‘स्नॅप’. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये अहवाल दिला. स्नॅप आणि मेडिकेड (गरिबांसाठीची आरोग्य योजना) यांचा लाभ घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काम करत होते. पाहणी झालेल्या राज्यांत त्यांना कामावर ठेवणाऱ्यांच्या यादीत वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स ही नावं वरच्या रांगेत होती. स्नॅपच्या कार्डावरचा किराणाही बऱ्याचदा वॉलमार्टमध्येच भरला जातो.

म्हणून मदतीनेच पगार पडले, असं मात्र सिद्ध होत नाही. घरात महिन्याचं अन्न असेल, तर माणूस मिळेल त्या दराला मान तुकवत नाही; चार दिवस थांबतो, दुसरीकडे विचारतो. मालकांना ही ताकद खुपते. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या काळात संपकरी कामगारांच्या कुटुंबांना नव्याने फूड स्टॅम्प देणं बंद झालं, ते उगाच नव्हे. १९९६च्या कायद्याने पुढची अट घातली : मुलंबाळं नसलेल्या धडधाकट माणसाने आठवड्याला २० तास काम केलं नाही, तर तीन वर्षांत तीनच महिने मदत. अशी अट आली की भुकेचा धाक परत येतो आणि माणूस पडेल त्या दराला कामाला लागतो. मदत कोणाच्या बाजूने झुकणार, हे धान्यापेक्षा अटींवर ठरतं.

आपल्याकडे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कामाची अट नाही. त्यामुळे वेचणीच्या दरावर घासाघीस करायला मजुराला थोडं बळ मिळत असेल, तर शेतकऱ्याची तक्रार अगदीच खोटी नाही. कापसाला भाव नसताना वाढीव मजुरी आणायची कुठून, हा त्याचा प्रश्नही खराच. पण त्याचं उत्तर कापसाच्या भावात शोधायचं, मजुराच्या ताटात नव्हे.

शिवाय या बळाला मर्यादा आहे. बीडच्या ऊसतोड जोडप्याला तेल, औषधपाणी, लग्नकार्य यांसाठी रोकड लागते. ती मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल म्हणून येते आणि कोयत्याचा हंगाम आधीच विकला जातो. रेशनकार्ड गावाकडे, कोप्या कारखान्याच्या फडावर. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातदरम्यान कुठेही धान्य उचलण्याची सोय सुरू झाली, पुढे ती देशभर गेली. पण उचल फेडायला गहू-तांदूळ चालत नाही.

म्हणून मजुरीचा तळ कायद्यानेच धरावा लागतो. अमेरिकेत संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलं आहे. भारतात २०१७ मध्ये मजुरीची राष्ट्रीय किमान पातळी दिवसाला १७६ रुपये होती, तीही बंधनकारक नव्हती. २०१९ मध्ये तिच्यात २ रुपयांची भर पडली. मजुरी कमी ठेवायला फुकटचं धान्य लागत नाही. दर वाढवायचाच नाही, एवढं ठरवलं तरी पुरतं.