स्क्रिप्टने उत्तर दिलं, पण कोणत्या प्रश्नाला?

रेणूंच्या सिम्युलेशनवर काम करणार असाल तर ग्रोमॅक्सशी गाठ पडणारच, आणि ते प्रश्न फार विचारतं. 'जीएमएक्स एनर्जी' चालवलं की ऊर्जा, तापमान, दाब अशी क्रमांक घातलेली यादी येते. नंबर टाइप करा, शेवटी शून्य, एंटर. एक फाइल असेल तर ठीक. चाळीस असतील तर कीबोर्डवर कोण बसणार?

सोपा उपाय म्हणजे पाइप. 'एको'ने उत्तर छापायचं आणि उभी रेघ देऊन ते प्रोग्रामच्या इनपुटला जोडायचं. उत्तरं अनेक असतील तर 'प्रिंटएफ' बरं. प्रत्येक उत्तर नव्या ओळीवर नीट देता येतं.

मी तापमानासाठी १६ हा नंबर स्क्रिप्टमध्ये घालून ठेवला होता. इक्विलिब्रेशनच्या फाइलींना तो बरोबर होता. प्रॉडक्शन रनमध्ये पोझिशन रिस्ट्रेंट काढले, तशी यादीतली ती एक ओळ गेली आणि खालचं सगळं एक घर वर सरकलं. १६ वर आता दाबाची डिस्पर्शन दुरुस्ती आली होती. एरर आला नाही, यायचं कारणच नव्हतं. ग्राफ गुळगुळीत निघाले. गाइडसमोर स्लाइड लावली तेव्हा दिसलं: तापमान उणे. तेही केल्विनमध्ये!

म्हणून नंबर देऊ नका, नाव द्या. 'टेम्परेचर' हा शब्द पाइपमधून दिला तरी प्रोग्राम घेतो. अणूंचे गट निवडतानाही तेच करा. लिगँड आला की पाण्याच्या गटाचा नंबर बदलतो.

पाइप सगळीकडे चालत नाही. एसएसएच पासवर्ड विचारतं ते थेट टर्मिनलला, इनपुटला नाही. अशांसाठी डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीमध्ये 'एक्स्पेक्ट' लिहिलं. ते प्रोग्रामसाठी खोटं टर्मिनल उभं करतं, ठरलेला प्रश्न दिसेपर्यंत थांबतं, मगच उत्तर पाठवतं. पायथॉनवाल्यांसाठी 'पीएक्स्पेक्ट' आहे. (पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नका हं, एसएसएच की बनवा.)

एक खोच लक्षात ठेवा. एक्स्पेक्ट मुळात १० सेकंदच थांबतं. प्रश्न आला नाही तर तक्रार न करता पुढच्या ओळीवर जातं आणि उत्तर पाठवून मोकळं होतं. क्लस्टर मंद असेल त्या दिवशी हे हमखास होतं. टाइमआउट झाला तर स्क्रिप्ट तिथेच बंद पडेल अशी ओळ स्वतः लिहा. पीएक्स्पेक्ट ३० सेकंद थांबतं आणि सरळ एरर देतं; मी आता तेच वापरते.