रविवारच्या सहा गोळ्या

एके सकाळी आरशात पाहिलं तर डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आलेला. पापणी सुजलेली, डोळा फिरवला की आतून ठणका. रांजणवाडी असेल म्हणून हिने शेक दिला. पण जन्मभर बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या आणि आता स्वतःचीच सही दोन दिसू लागली, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो.

स्कॅनमध्ये कळलं, रोग डोळ्यात नाही; डोळा बसतो त्या हाडांच्या खोबणीत आहे. शरीराची राखणदार फौज तिथल्या स्नायूंवर, चरबीवर उलटलेली. प्रेडनिसोलोन सुरू झालं, रोज 60 मिलिग्रॅम. दोन दिवसांत सूज ओसरली. मी पेढे वाटायच्या बेतात! पण मात्रा 20च्या खाली आली की डोळा पुन्हा बाहेर. असं दोनदा झालं. तोवर रक्तातली साखर वाढली, झोप उडाली, चेहरा लाडवासारखा झाला. आमच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट. पैसे लगेच हाती, व्याज मागाहून.

दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी बायोप्सी. मी चिडलो. स्टेरॉईडने आराम पडतो म्हणजे निदान बरोबरच की! तर तसं नसतं. लिम्फोमा हा कर्करोगही स्टेरॉईडने काही काळ दबतो. थायरॉईडच्या विकारात आणि आयजीजी-४ नावाच्या विकारातही खोबण सुजते, आणि प्रत्येकाची पुढची वाट निराळी. कुणाला रिटुक्सिमॅब, कुणाला किरणोपचार. थायरॉईडवाल्यांसाठी टेप्रोटुमुमॅबला 2020मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

तुकडा काढल्यावर अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत कादंबरीची एक ओळ लिहिली नाही. मुदत ठेवींच्या पावत्या मात्र हिला सापडतील अशा लावून ठेवल्या. तिने पाहिलं, बोलली नाही.

कर्करोग नव्हता. क्षयाची तपासणी करून मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ततपासणी, दारू बंद. गुण यायला दीड ते तीन महिने. तोवर स्टेरॉईड एकदम सोडायचं नाही, पायरीपायरीने उतरवायचं. पहिला महिना काहीच घडेना. स्टेरॉईडच्या झटपट गुणाला सोकावलेल्या माणसाला हे फार जड जातं.

आता स्टेरॉईड 5 मिलिग्रॅमवर आलंय. डोळा जागेवर आहे; वर पाहताना अजून थोडं दोन दिसतं. आज रविवार. हिने वाटीत सहा गोळ्या काढून ठेवल्यात आणि दर वेळेसारखी बजावतेय, ‘‘अहो, मोजून घ्या.’’