२४९ ग्रॅमचा भरवसा

‘२४९ ग्रॅमचा ड्रोन घ्या, परवान्याची कटकट नाही,’ हा सल्ला हौशी प्रवाशांच्या कानावर हमखास पडतो. भारतापुरता तो बराचसा खराही आहे. २०२१च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. मात्र सीमा ओलांडली की हा हिशेब बदलतो.

मोरोक्कोत वजन कुणी विचारतच नाही. तिथे परवानगीशिवाय ड्रोन आणायलाच २०१५पासून बंदी आहे. सामानात सापडला तर कस्टम्सवाले ठेवून घेतात. इजिप्तमध्ये संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते, त्यामुळे आकाशातून पिरॅमिड टिपण्याचा बेत पर्यटकाने सोडलेलाच बरा. हा धोका दंडापुरता राहत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये म्यानमारच्या संसद भवनाजवळ ड्रोन उडवणाऱ्या एका फ्रेंच पर्यटकाला महिनाभराचा तुरुंगवास झाला. त्याच वर्षी इराणमध्ये ड्रोनमुळेच अटक झालेल्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला काही महिने कोठडीत काढावे लागले.

जपानमध्ये नोंदणीची मर्यादा आहे १०० ग्रॅम, जून २०२२पासून. म्हणजे आपला ‘हलका’ ड्रोन तिथे नोंदणीशिवाय उडवणे बेकायदा.

युरोपीय संघात कॅमेरा महत्त्वाचा. खेळणे म्हणून विकलेले ड्रोन वगळता, कॅमेरा असलेला ड्रोन कितीही हलका असला तरी उडवणाऱ्याला स्वतःची नोंदणी करावी लागते. बाहेरून येणाऱ्याने ती, जिथे सर्वप्रथम ड्रोन उडवायचा आहे त्या देशात केली की सर्व सदस्य देशांत चालते. उंचीची मर्यादा १२० मीटर. शहरे, स्मारके यांचे निर्बंध मात्र प्रत्येक देशाचे वेगळे, ते निघण्यापूर्वीच नकाशावर पाहायला हवेत.

अमेरिकेत छंद म्हणून उडवणाऱ्यालाही एक मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते आणि राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला मनाई आहे. २०१४मध्ये ही मनाई लागू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका डच पर्यटकाचा ड्रोन यलोस्टोनमधल्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्यात कोसळला. त्याला तीन हजारांहून अधिक डॉलर भरावे लागले. अशा नाजूक जागी झालेली हानी पैशांनी भरून येत नाही, म्हणून ही मनाई योग्यच वाटते.

जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्यात, त्यांची टोके झाकून. परतताना आणखी एक गोष्ट: फेब्रुवारी २०२२पासून भारतात परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. दुबईत स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन मुंबईच्या विमानतळावर अडकू शकतो. इथूनच नेलेला परत आणायचा असेल, तर जातानाच कस्टम्सकडून तशी नोंद करून घ्यावी.