सार्वजनिक वनभूमीवरील सायकलवाटा आणि वाटेचा सामाईक हक्क
शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

पाऊलवाट ही वरकरणी अत्यंत साधी गोष्ट दिसते. ती बहुधा कोणी आखलेली नसते, तिच्यावर कोणाचे नाव नसते आणि सरकारी दप्तरात तिची नोंद असेलच असेही नाही. तथापि डोंगराळ प्रदेशातील लोकजीवनाचा विचार करू लागले म्हणजे असे दिसून येते की, जमिनीवरील जे हक्क लोक प्रत्यक्षात दररोज बजावतात, त्यांत वाटेचा हक्क हा सर्वांत जुना व सर्वांत व्यापक होय. शेत एकाचे असते, विहीर एका वस्तीची असते. वाट मात्र जो चालेल त्याची असते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या वाटांवर आता एका नव्या वाटसरूची भर पडत आहे. जाड, खाचदार टायरांच्या आणि खडकाळ भूमीवर चालण्याजोग्या सायकलीवरून येणारा हा हौशी प्रवासी होय. माउंटन बाइक या नावाने रूढ झालेले हे वाहन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टॅमल्पाय पर्वताच्या परिसरात १९७०च्या दशकात आकारास आले. तेथील उतारावर १९७६ पासून सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात पायी हिंडणारे, घोडेस्वार व सायकलस्वार यांच्यात वाटांवरून वाद उभे राहिले. त्या वादांतूनच १९८८ मध्ये सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मास आली आणि वाट कशी काढावी व कशी वाटून घ्यावी याचे एक शास्त्र बनत गेले. शहापूर-मुरबाडचा भूभाग मुंबई व ठाणे या महानगरांच्या अगदी निकट आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके उपनगरी रेल्वेने जोडलेली आहेत आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून शहापूर तालुका अधिकच जवळ आला आहे. अशा स्थितीत येथील सार्वजनिक वनभूमीवर सायकलवाट काढावयाची झाल्यास ती कोणाच्या संमतीने, कोणत्या रेषेने आणि वाटेवर आधीपासून असलेल्यांशी कोणत्या नात्याने काढावी, हे तीन प्रश्न उपस्थित होतात. हे प्रश्न परस्परांपासून भिन्न वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(१) वाटेचे पूर्वीचे हक्कदार

या प्रदेशातील वाटांची परंपरा किती प्राचीन आहे याची साक्ष नाणेघाट देतो. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारी ही वाट कोकणातील कल्याण, सोपारा या बंदरांना घाटमाथ्यावरील जुन्नरशी जोडीत असे. माथ्याजवळच्या लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, अशी समजूत प्रचलित आहे. तिचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, वाटेचा उपभोग घेणाऱ्याने वाटेसाठी काही द्यावे लागते ही जाणीव तीतून व्यक्त होते. वाटेच्या रचनेतूनही एक बोध होतो. जेथे चढ तीव्र आहे तेथे उघड्या मातीवर भिस्त न ठेवता खडकात पायऱ्या खोदलेल्या आहेत आणि वाटसरूंसाठी पाण्याची टाकी कोरलेली आहेत.

राजमार्गांच्या या इतिहासापेक्षाही पाड्यापाड्यांमधील अनाम वाटांचा इतिहास अधिक महत्त्वाचा आहे. महादेव कोळी, ठाकूर, वारली व कातकरी समाजांचे जीवन या वाटांवरूनच चालते. डोईवर सरपणाची मोळी घेतलेली स्त्री, मोहाची फुले वेचावयास पहाटे निघालेले कुटुंब, चराईस जाणारी गुरे, शाळेस जाणारी मुले, म्हशाच्या यात्रेतील बैलबाजाराची वाट धरणारा शेतकरी, हे सर्व या वाटांचे नित्याचे वाटसरू होत. काही वाटांना स्मरणाचाही हक्क आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हे इंग्रजी राजवटीच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. त्या स्थळाकडे जाणारी वाट केवळ क्रीडेचे साधन होऊ शकत नाही.

वनावरील निर्बंध व लोकांची वहिवाट यांतील संघर्षही येथे नवा नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, लाकूडफाटा आणणे व गुरे चारणे यांवर सरकारने घातलेल्या बंधनांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तीव्र असंतोष माजला होता. त्याच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. ज्या वनात मोळी आणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, त्याच वनात शहरातील हौशी माणसास विनासायास मार्ग मिळाला, तर त्याचा अर्थ स्थानिक लोक कसा लावतील हे सांगणे अवघड नाही. सायकलवाटेचा खरा प्रश्न येथे आहे.

(२) कायद्याची चौकट

सरकारी वन हे ‘सार्वजनिक’ आहे, याचा अर्थ ते सर्वांना सर्व कामांसाठी मोकळे आहे असा होत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये राखीव वनात परवानगीवाचून प्रवेश करणे वा तेथील भूमीत फेरबदल करणे हा अपराध ठरू शकतो. मात्र याच अधिनियमाच्या कलम २५ मध्ये एक लक्षणीय तत्त्व अंतर्भूत आहे. राखीव वनातील एखादी वाट वन अधिकाऱ्यास शासनाच्या मंजुरीने बंद करता येते. परंतु तिच्याऐवजी पुरेशी सोयीस्कर अशी दुसरी वाट आधीच अस्तित्वात असली किंवा करून दिलेली असली, तरच. वसाहतकालीन कायद्यानेही वाट ही विनाबदली हिरावून घेण्याची वस्तू मानली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अभयारण्यांची स्थिती अधिक काटेकोर आहे. माहुलीचा किल्ला तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात येतो आणि सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ अन्वये तेथील रहिवासी, स्थावर मालमत्तेचे हक्कदार, सार्वजनिक महामार्गावरून जाणारे इत्यादी वर्ग वगळता इतरांस परवान्याविना अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. पर्यटनासाठी परवाना देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. परंतु प्रवेशाचा परवाना म्हणजे वाट खोदण्याचा परवाना नव्हे. वनभूमीचा वनेतर कामासाठी उपयोग करण्यास १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमान्वये केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वनाच्या कार्य आयोजनेत किंवा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग-पर्यटनाच्या सोयी, विहित अटींच्या अधीन राहून, वनेतर उपयोगाच्या व्याख्येतून वगळण्यात आल्या आहेत. तेव्हा सायकलवाटेचा सरळ मार्ग वनखात्याच्या आराखड्यातून जातो, रात्री गुपचूप मारलेल्या कुदळीतून नव्हे.

तिसरी बाजू ग्रामसभेची. शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात; तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला असून, कलम ५ अन्वये वन, वन्यजीव व पाणलोट यांचे रक्षण करण्याचे अधिकार हक्कधारकांस व ग्रामसभेस दिले आहेत. याच अधिनियमाच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता, पाणीपुरवठा आदी १३ सोयींसाठी अल्प वनभूमी देण्याची तरतूद आहे. त्या यादीत क्रीडावाटेचा समावेश नाही. म्हणून ग्रामसभेची संमती ही अखेरीस मिळवावयाची सही नसून, आखणीपूर्वीची पहिली पायरी ठरते.

(३) उतार, माती व पाणी

वाटेची आखणी हे मुख्यतः पाण्याशी करावयाचे तडजोडीचे काम आहे. या परिसरात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावरील बेसाल्टवर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून तो झाडोऱ्याच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. चाकाने किंवा पावलाने मातीत खोलगट रेषा पडली आणि ती उताराच्या दिशेने सरळ खाली जात असली, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. वाटसरू मग चिखल टाळण्यासाठी बाजूने जाऊ लागतात, वाट रुंद होते आणि एका वाटेच्या तीन होतात. वाहून गेलेली माती अखेर जलाशयात साचते. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण व त्यानंतरचे भातसा धरण यांतून मुंबई महानगरास पाणी जाते, ही गोष्ट लक्षात घेता शहरातून आलेला सायकलस्वार जी माती सैल करतो ती एका अर्थी स्वतःच्याच घागरीत टाकीत असतो.

यावर वाट-बांधणीच्या शास्त्राने काही सोपे नियम घालून दिले आहेत. पहिला नियम असा की, वाटेचा चढ डोंगराच्या अंगच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. शंभर मीटर अंतरात वीस मीटर उंची वाढत असेल, म्हणजे उतार २० टक्के असेल, तर तेथील वाटेचा चढ १० टक्क्यांच्या आत ठेवावा; असे केल्याने पाणी वाटेवरून न धावता वाट ओलांडून पलीकडे उतरते. या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम असा की, सौम्य माळावर वाट अधिकच सौम्य ठेवावी लागते. ६ टक्के उताराच्या माळावर ५ टक्के चढाची वाट चालणाऱ्यास सुखकर वाटली तरी पाण्यास ती नालीच वाटते. दुसरा नियम, संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून कमी असावा. तिसरा, वाटेच्या तळास दरीच्या बाजूकडे किंचित, म्हणजे सुमारे ५ टक्के, कल द्यावा. चौथा, उतरत्या वाटेस थोड्याथोड्या अंतरावर लहानसा उलटा चढ द्यावा, म्हणजे साचत येणारे पाणी तेथेच बाहेर पडते. ओढा जेथे ओलांडावा लागतो तेथे वाट दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे उतरावी. नाहीतर पुराचे पाणी पात्र सोडून वाटच धरते. अटळ अशा तीव्र चढावर दगडांची फरसबंदी करावी, आणि नाणेघाटाच्या वाटेने हे तत्त्व फार पूर्वीच आचरणात आणलेले आहे.

आखणी पावसाळ्यातच पाहून करावी आणि खोदाई पाऊस सरल्यावर, माती ओलसर पण घट्ट असताना करावी. भर पावसात वाट सायकलींस बंद ठेवणे हा निर्बंध नसून वाटेचे आयुष्य वाढविण्याचा उपाय होय. भातखाचरांचे बांध, देवराया व पाणवठे आखणीतून प्रारंभीच वगळले पाहिजेत.

(४) वाटेवरील वर्तन

वाट एकदा झाली की ती अनेकांची होते. म्हणून कोणी कोणास वाट द्यावी हे ठरलेले असावे लागते. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलीस मुभा दिली ती पादचारी व घोडेस्वार यांस वाट देण्याच्या अटीवर. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जमिनीवर व्यापक प्रवेशाधिकार दिला तोही जबाबदार वर्तनाच्या अटीवर. उलट अमेरिकेच्या वनखात्याने १९८४ मध्ये आपल्या घोषित वन्यप्रदेशांतून सायकली पूर्णतः वर्ज्य केल्या. वर्तनाने मिळणारा हक्क वर्तनानेच गमावतो, हा या अनुभवांचा मथितार्थ होय.

शहापूर-मुरबाडमध्ये या तत्त्वास स्थानिक रूप द्यावे लागेल. ज्याच्यावर भार अधिक व ज्यास बाजूस होणे अवघड, त्याचा मान पहिला. डोईवर मोळी असलेल्या बाईस मान वळवून मागे पाहता येत नाही. तेव्हा सायकलस्वाराने दुरूनच घंटा वाजवून वेग कमी करावा, उतरून उभे राहावे आणि तिला डोंगराकडची सुरक्षित बाजू सोडावी. गुरे समोर आल्यास थांबावे व राखणदाराच्या इशाऱ्यावाचून पुढे होऊ नये. उतरणाऱ्या सायकलीने चढणारीस वाट द्यावी. आंधळ्या वळणावर वेग घेता येणार नाही अशी मुळातच आखणी करावी, कारण पाटीपेक्षा वळण अधिक खात्रीने वेग आवरते. शक्य तेथे पाड्यांच्या नित्याच्या वाटा सोडून सायकलीसाठी निराळी वाट असावी आणि दोन्ही जेथे मिळतात तेथे दूरवर दिसेल इतकी मोकळी जागा असावी.

वनातील मूक वाटसरूंचाही विचार आवश्यक आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात गळपट्टा बांधून सोडलेला एक बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला होता. माणसांच्या वस्तीमधून प्राण्यांच्याही वाटा जातात व त्या बहुधा रात्रीच्या असतात, हे या घटनेने दाखवून दिले. म्हणून सूर्यास्तानंतर वाट प्राण्यांस मोकळी सोडणे हेच उचित. तसेच फाल्गुनापासून वाळलेला पाचोळा सहज पेट घेतो. त्या काळात एका विडीनेही वणवा लागू शकतो.

देखभालीचा प्रश्न अखेरचा असला तरी गौण नाही. दर पावसाळ्यानंतर ओघळ बुजविणे, दगड बसविणे व पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे ही कामे पाड्यांतील माणसांकडे योग्य मजुरीवर असावीत आणि येणाऱ्यांकडून काही शुल्क घ्यावयाचे तर त्याचा विनियोग ग्रामसभेच्या संमतीने व्हावा. तसे झाले तर नाणेघाटातील रांजणाच्या समजुतीस आजच्या काळात नवा अर्थ प्राप्त होईल.

(५) समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, चांगल्या वाटेचे तांत्रिक व सामाजिक नियम एकाच तत्त्वावर आधारलेले आहेत. सरळ व जवळची रेषा बळकावणारी वाट पाणी उखडून टाकते. सरळ व जवळचा हक्क बळकावणारी वाट लोक उखडून टाकतात. पाण्यास पलीकडे जाऊ द्यावे, मोळीवालीस पुढे जाऊ द्यावे, म्हणजे वाट टिकते. सायकलस्वार हा या वाटांवरील सर्वांत अलीकडचा पाहुणा आहे. यजमानांची रीत त्याने शिकून घेतली, तर त्यालाही येथे जागा मिळण्यास प्रत्यवाय नसावा.