मिरची येण्याआधीचं ताट

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. आपल्या एकादशीच्या ताटातले हे मुख्य जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये. म्हणजे यातलं काहीच माउलींनी कधी चाखलं नव्हतं. सात वर्षांच्या नातवाला हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "मग आजी, ते जेवायचे काय?"

इतिहासाची सुरुवात करायला याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाही. सातशे वर्षं म्हणजे किती, हे लहान मुलाला सांगून कळत नाही. ताटातून मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ एकेक करून काढून घेतलं की कळायला लागतं. म्हणून आमच्याकडे अधूनमधून रविवारी जुन्या काळचं जेवण असतं. फेटे नाहीत, प्लॅस्टिकच्या तलवारी नाहीत. सजावट आली की पोरांचं सगळं लक्ष तिकडेच जातं आणि ताट तसंच राहतं.

माउलींच्या काळासाठी ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ताक, तूप-गूळ. पिठल्याला जिरं, हिंग, लसणाची फोडणी आणि तिखटाला मिरी. मिरी कुटायचं काम नातवाचं. खलबत्त्यातून दाणे उडतात, म्हणून तो वरून दुसरा हात धरतो आणि शिंकत शिंकत कुटतो. पहिला घास तोंडात जाताच म्हणाला, "हे तिखट नाहीच आहे!" आणि गिळल्यावर पाण्याकडे धावला. मिरची जिभेला लगेच झोंबते, मिरी मागाहून घशाशी लागते. मी तीच वेळ साधली. याच काळ्या दाण्यांच्या ओढीने वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याच जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. घसा जळत असताना ऐकलेली ती सालं तो अजून विसरलेला नाही.

मुक्ताईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, हेही त्याला सांगते, पण आख्यायिका म्हणून. याबाबत मी काटेकोर आहे. कथा कुठली आणि पुरावा कुठला, हे मुलाला लहानपणीच वेगळं करता यायला हवं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत जव, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. तो पुरावा. जवाची भाकरी आणि मसुराची आमटी करून झाली. भाकरी त्याला फारशी आवडली नाही, तरी खाल्लीन.

सर्वांत रंगतं ते रायगडाचं जेवण, कारण तिथल्या खिचडीचं वर्णन लिहून ठेवलेलं आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन आपल्या माणसांसह गडावर होता. कंपनीचाच डॉक्टर जॉन फ्रायर याने त्या मुक्कामाची हकिगत दिली आहे. गडावरच्या लोकांचं आवडतं अन्न म्हणजे डाळ-तांदळाची, लोण्यात शिजवलेली खिचडी. मांसाची सवय असलेल्या इंग्रजांना ती फार दिवस चालेना, मग त्यांच्यासाठी बोकडाच्या मटणाची सोय झाली. जो खाटीक ते पुरवत होता तो चांगलाच म्हातारा. मागल्या काही वर्षांत मिळून खपलं नसेल एवढं मटण या थोड्या दिवसांत खपलं, तेव्हा हे खाणारे आहेत तरी कोण, ते बघायला तो एवढा गड चढून वर आला!

राज्याभिषेक म्हटलं की सिंहासन आणि छत्र डोळ्यांपुढे येतं. आमच्या घरात त्याआधी हा खाटीक येतो. मूगडाळीची खिचडी, आलं-मिरी, वर तुपाची धार आणि शेजारी उडदाचा पापड वाढला की नातू दर वेळी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतो. त्याची बायको काय म्हणाली असेल, वाटेत पाणी कुठे प्यायला असेल, असे त्याचे प्रश्न संपत नाहीत. आता त्याला रायगडावर जायचंय, तेही रोपवे सोडून पायऱ्यांनी. "तो आजोबा चढला, मग मी का नाही?" दिवाळीच्या सुट्टीत नेणार आहोत. डब्यात खिचडीच न्यायची, हे त्याने आत्ताच बजावून ठेवलंय.